घाट आखणारा माणूस : आन्री देग्रांज

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर आमच्या हॉस्टेलच्या आठ जणांनी सायकलीनं पसरणी घाट चढून पाचगणी गाठायचा बेत केला. बेत म्हणजे काय, तर मेसमध्ये रात्री जेवताना कोणीतरी विषय काढला आणि शनिवारी पहाटे सगळे निघाले! कोणाच्या सायकलला गिअर, तर कोणाची सायकल वॉचमनकाकांकडून मागून आणलेली. पंक्चरचं सगळं सामान एकाच्याच सॅकमध्ये, आणि तो पठ्ठ्या सगळ्यांत पुढे. वाईपर्यंत मजा आली. घाटात मात्र आठ जणांचे पाच तुकडे झाले. एकाच्या पायात गोळे आले आणि तो मधल्या एका वळणावर बसून राहिला. त्याचा मोबाईल बंद पडलेला. आम्ही वर पाचगणीत मिसळ खात त्याला शिव्या घालत होतो की हा एवढा वेळ करतोय काय! शेवटी अंधार पडल्यावर एका टेम्पोवाल्यानं त्याला वर आणून सोडलं. पुढचे दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर घाटातल्या सायकलिंगबद्दल जे मिळेल ते वाचायला लागलो. वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. या माणसानं शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये माणसांच्या घोळक्यांना सायकलीवर बसवून डोंगरात पाठवलं, तेही एकदा नाही, दरवर्षी. त्याच्या आखणीतून जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत उभी राहिली. त्याच माणसानं शर्यत नसलेल्या, सगळ्यांनी बरोबर जायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्याही फ्रान्समध्ये रुजवल्या. त्याचं नाव आन्री देग्रांज. मित्रांनो, 'टूर द फ्रान्स' आपण टीव्हीवर पाहतो, पण ती आखणाऱ्याची गोष्ट आपल्याला फारशी माहीत नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

वकिलाच्या कचेरीतून ट्रॅकवर

देग्रांजचा जन्म ३१ जानेवारी १८६५ चा, पॅरिसचा. घर खाऊनपिऊन सुखी, मध्यमवर्गीय. त्याला एक जुळा भाऊही होता. कायद्याचं शिक्षण झालं आणि तो एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. आपल्याकडे जसं डिग्री मिळाल्यावर नोकरी लागली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तसंच तिथेही झालं असणार. पण याला सायकलचं वेड लागलं. असं सांगतात की तो उघड्या पोटऱ्यांनी सायकल हाणतो हे एका अशिलाला शोभलं नाही, त्यानं तक्रार केली, आणि कचेरी की सायकल असा प्रश्न उभा राहिला. देग्रांजनं सायकल निवडली.

तो काळ सायकलच्या तारुण्याचा होता. हवा भरलेले टायर नुकतेच आले होते. १८९१ मध्ये बोर्दो-पॅरिस आणि पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या शर्यती झाल्या आणि माणूस स्वतःच्या पायांच्या जोरावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. देग्रांज ट्रॅकवर उतरला. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या बफेलो वेलोड्रोमवर त्यानं एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापलं. एका तासात सायकलीवर जास्तीत जास्त किती जाता येतं, या विक्रमाच्या अधिकृत यादीत पहिलं नाव त्याचं आहे.

दुसऱ्याच वर्षी त्यानं सायकलपटूंसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'डोकं आणि पाय'. एका तरुण खेळाडूला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्यात सरावाचे, खाण्यापिण्याचे, शिस्तीचे धडे आहेत. शरीराला सवलत दिली की ते आणखी सवलत मागतं, असा त्याचा एकंदर विचार. हा कडकपणा त्यानं आयुष्यभर सोडला नाही, स्वतःच्या बाबतीतही नाही आणि दुसऱ्यांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

पिवळ्या कागदाचं वर्तमानपत्र

पुढे तो 'पार्क दे प्रँस' या वेलोड्रोमचा संचालक झाला. हिशेब, जाहिराती, गर्दी कशी खेचायची, हे सगळं तो तिथे शिकला. त्या वेळी फ्रान्समध्ये 'ल वेलो' नावाचं हिरव्या कागदावर छापलेलं क्रीडा दैनिक जोरात होतं. पण ड्रेफस प्रकरणावरून देशात दोन तट पडले आणि 'ल वेलो'चा संपादक पिएर जिफार याचं मोटार आणि टायरच्या कारखानदारांशी बिनसलं. या कारखानदारांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं ठरवलं आणि संपादक म्हणून देग्रांजला आणलं. १६ ऑक्टोबर १९०० रोजी 'लोतो-वेलो' सुरू झालं. वेगळं दिसावं म्हणून कागद घेतला पिवळा.

पण खप काही वाढेना. त्यात 'ल वेलो'नं नावावरून खटला भरला आणि जानेवारी १९०३ मध्ये देग्रांजला नावातला 'वेलो' हा शब्द काढावा लागला. उरलं नुसतं 'लोतो', म्हणजे मोटार! सायकलवाल्या वाचकांना आता हे आपलं वर्तमानपत्र आहे हे कळणार कसं?

उत्तर सापडलं ते कोर्टाच्या निकालाच्या दोन महिने आधी, २० नोव्हेंबर १९०२ च्या एका बैठकीत. जेओ लेफेव्र या पंचविशीतल्या बातमीदारानं सुचवलं की सगळ्या फ्रान्सला फेरी घालणारी, अनेक दिवसांची शर्यत घेऊया. देग्रांजला आधी ती वेडगळ कल्पना वाटली. पण खजिनदार व्हिक्तोर गोदे यानं तिजोरी उघडायची तयारी दाखवली आणि गाडी पुढे सरकली. एवढी मोठी शर्यत, पण कल्पना एका ज्युनिअरची आणि होकार खजिनदाराचा! गॅदरिंगच्या कमिटीत काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पहिली आखणी फसली, दुसरी जमली

जानेवारी १९०३ मध्ये शर्यत जाहीर झाली. ३१ मे ते ५ जुलै, म्हणजे पाच आठवडे, आणि प्रवेश फी २० फ्रँक. नावं आली फक्त १५ च्या आसपास. पाच आठवडे कामधंदा सोडून कोण येणार, आणि तेही पदरचे पैसे भरून? देग्रांजनं हट्ट न धरता आखणी बदलली. तारखा केल्या १ ते १९ जुलै. फी निम्मी केली. पहिल्या ५० जणांना रोजचा ५ फ्रँक भत्ता जाहीर केला, बक्षिसं वाढवली. मग ६० जण उभे राहिले.

१ जुलै १९०३ रोजी दुपारी पॅरिसजवळच्या मोंजेरों गावातल्या एका खानावळीपासून शर्यत सुटली. एकूण अंतर २,४२८ किलोमीटर, टप्पे फक्त ६. म्हणजे एकेक टप्पा सरासरी ४०० किलोमीटरचा, रात्र-रात्र चालणारा. टप्प्यांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस. पहिला टप्पा पॅरिस ते लियों ४६७ किलोमीटर, तो मोरिस गारां यानं पावणेअठरा तासांत पार केला. हा गारां लहानपणी धुराडी साफ करायचा. शेवटी जिंकलाही तोच, दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ३ तास आधी. ६० पैकी २१ जण पॅरिसला परतले.

आता एक गंमत बघा. या सगळ्यात देग्रांज स्वतः शर्यतीबरोबर गेलाच नव्हता! फसलं तर आपलं नाव नको, असा विचार त्यामागे होता असं मानतात. सगळी धावपळ केली लेफेव्रनं, कधी आगगाडीनं, कधी सायकलीनं, कंट्रोल पॉइंटवर सह्या गोळा करत. आखणारा कचेरीत आणि रस्त्यावर दुसराच कोणी, ही गोष्ट पुढेही येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

शर्यत यशस्वी झाली आणि 'लोतो'चा खप दुपटीहून जास्त वाढला. 'ल वेलो' १९०४ मध्ये बंद पडलं. पण त्याच वर्षी टूरही बंद पडता पडता वाचली. रात्रीच्या अंधाराचा फायदा घेऊन काही जणांनी वाहनांची मदत घेतली. सेंत-एतियेनजवळच्या कोल द ला रेप्युब्लिक या घाटात तिथल्या खेळाडूच्या समर्थकांनी बाकीच्यांना अडवून मारहाण केली. पांगवण्यासाठी हवेत पिस्तुलं झाडावी लागली. काही महिन्यांनी चौकशी होऊन पहिले चारही क्रमांक बाद झाले आणि पाचव्या आलेल्या आन्री कॉर्नेला विजेता ठरवलं. शर्यतीच्या वेळी तो वीस वर्षांचाही नव्हता.

देग्रांजनं लिहून टाकलं की टूर संपली. पण थोड्याच दिवसांत तो पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसला. चूक कुठे झाली? रात्रीत. मग १९०५ साली टप्पे ६ चे ११ केले, ते छोटे झाले, आणि रात्रीचं सायकल चालवणं काढून टाकलं. घाट अवघड आहे म्हणून लोक पडतात असं आपल्याला वाटतं. त्याला कळलं होतं की अंधार आणि लांबलेलं अंतर हे त्याहून मोठे शत्रू आहेत. आमचा पसरणीचा गडी टेम्पोतून आला तो अंधारातच!

त्याचीच दुसरी आखणी

त्याच १९०४ मध्ये देग्रांजनं आणखी एक गोष्ट केली. ती टूरच्या झगमगाटात झाकली गेली, पण आपल्या कामाची तीच जास्त आहे. इटलीत १८९७ पासून काही सायकलवाले सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत २०० किलोमीटर जायचं आव्हान घेत. त्याला 'ऑडॅक्स' म्हणत, म्हणजे धाडसी. देग्रांजनं हे फ्रान्समध्ये आणलं आणि 'लोतो'तर्फे त्याचे नियम ठरवले.

नियम साधे होते. सगळ्यांनी एका गटात जायचं. पुढे रोड कॅप्टन. वेग आधीच ठरलेला, आणि तो कॅप्टननं राखायचा. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, तेही आधीच ठरलेलं. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. वेळेत पोचलेल्या प्रत्येकाला सारखंच प्रमाणपत्र, त्याला फ्रेंचमध्ये 'ब्रेव्हे' म्हणतात.

पुढे १९२१ मध्ये या फेऱ्या चालवणाऱ्या पॅरिसच्या क्लबचं आणि देग्रांजचं फाटलं. क्लबनं मग प्रत्येकानं आपापल्या वेगानं जायच्या ब्रेव्हे सुरू केल्या. आज पुण्या-मुंबईचे सायकलवाले ज्याला 'बीआरएम' म्हणतात, ते याच क्लबच्या नियमांनी चालतं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. म्हणजे आपल्या घाटांत पहाटे रिफ्लेक्टरचं जाकीट घालून जाणारा जो सायकलवाला दिसतो, त्याच्या खिशातल्या कार्डाचं मूळ देग्रांजच्या त्या १९०४ च्या उद्योगात आहे.

एकाच माणसानं एकाच वर्षी दोन्ही केलं. एका आखणीत शेवटी एक जिंकतो, दुसरीत सगळे बरोबर पोचतात. देग्रांजचं मन मात्र पहिलीत जास्त रमलं.

पिरेनीज, १९१०

१९०५ पासून टूरमध्ये छोटे डोंगर आले होते. पण फ्रान्स आणि स्पेनच्या मधले पिरेनीज पर्वत म्हणजे वेगळंच प्रकरण. रस्ते म्हणजे गाढवं-खेचरांच्या वाटा, हिवाळाभर बर्फ, रानात अस्वलं. मार्ग आखायचं काम करणाऱ्या अल्फोन्स स्टाइनेस या सहकाऱ्यानं देग्रांजच्या मागे लकडा लावला की टूर तिथून न्यायची. देग्रांजला ते पटेना. शेवटी आधी जाऊन रस्ता बघून ये, या अटीवर त्यानं स्टाइनेसला पाठवलं.

स्टाइनेसनं पुढे स्वतः सांगितलेली हकीगत अशी. तूरमाले खिंडीकडे तो भाड्याच्या मोटारीनं निघाला. माथा चारेक किलोमीटर राहिला असताना बर्फात मोटार अडकली आणि ड्रायव्हर मागे फिरला. स्टाइनेस एकटाच, संध्याकाळी, शहरातले बूट घालून चालत निघाला. अंधारात वाट चुकला, घसरून पडला, आणि लोक शोधायला निघाले तेव्हा पहाटे तीनच्या सुमारास पलीकडच्या बारेज गावाशी गारठलेला सापडला. अंघोळ करून, गरम काहीतरी पिऊन त्यानं पॅरिसला तार केली. मजकुराचा आशय असा, की तूरमाले ओलांडला, रस्ता उत्तम आहे, जायला काही अडचण नाही!

हसू येतं ना? मलाही आलं. पण मग लक्षात आलं की हा प्रकार आपणही करतो. 'रस्ता एकदम मख्खन आहे' असं ग्रुपमध्ये सांगणारा एक जण प्रत्येक बेतात असतोच.

देग्रांजनं ओबिस्क घाटाच्या रस्त्याच्या डागडुजीसाठी पैसे दिले आणि मार्ग जाहीर केला. जाहीर होताच २६ जणांनी नाव मागे घेतलं. ११० जण सुरुवातीला उभे राहिले. देग्रांजनं या वर्षी एक नवी सोयही केली: सगळ्यांच्या मागून चालणारी एक गाडी, जी थकलेल्या, मोडलेल्या खेळाडूंना उचलून आणेल. मागचा रस्ता झाडून आणणारी म्हणून तिला 'झाडू गाडी' असं नाव पडलं. आजही प्रत्येक मोठ्या शर्यतीत ती असते. माझ्या मते देग्रांजच्या आखणीतली ही सगळ्यांत माणुसकीची गोष्ट.

२१ जुलै १९१०. लुशों ते बायोन, ३२६ किलोमीटर. एका दिवसात पेरसूर्द, आस्पें, तूरमाले आणि ओबिस्क असे चार मोठे घाट. तूरमालेचा माथा २,११५ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. पहाटेच्या अंधारात सगळे निघाले. सायकल दणकट आणि जड, गिअर नाहीत, रस्ता खडीचा. तूरमालेवर ऑक्ताव लापिझ सर्वांत आधी पोचला, पण काही भाग सायकल ढकलत. गुस्ताव गारिगू मात्र एकदाही खाली न उतरता चढला आणि त्याला १०० फ्रँकांचं खास बक्षीस मिळालं.

ओबिस्कच्या माथ्यावर स्टाइनेस आणि व्हिक्तोर ब्रेयर हे दोन आयोजक वाट बघत उभे होते. वेळ उलटून गेली तरी कोणी येईना. शेवटी आला तो लाफुर्काद नावाचा त्याच भागातला, फारसा कोणाला माहीत नसलेला खेळाडू, झिंगल्यासारखा, एक शब्द न बोलता. त्यानंतर पाव तासानं लापिझ, सायकल ढकलत. त्यानं त्या दोघांकडे पाहिलं आणि ते सगळे खुनी आहेत असं तोंडावर सुनावलं. मग पुन्हा सायकलवर बसला, उतार उतरला, पुढचे शंभरहून जास्त किलोमीटर मारले आणि टप्पा जिंकला. वेळ १४ तास १० मिनिटं, म्हणजे चार घाट धरून ताशी २३ किलोमीटर! त्या वर्षीची टूरही त्यानंच जिंकली. ११० पैकी ४१ जण शेवटपर्यंत पोचले.

आणि देग्रांज? तो तिथे नव्हताच. प्रकृतीचं कारण सांगून, सूत्रं ब्रेयरच्या हाती देऊन तो पॅरिसला परतला होता. लापिझचा संताप ज्याच्यासाठी होता, त्याला तो समोरासमोर ऐकावाच लागला नाही.

पिरेनीजमध्ये त्या दिवशी कोणी दगावलं नाही. उलट लोकांनी वर्तमानपत्रं अक्षरशः ओढून घेतली. जे जमलं ते बरोबरच होतं असं मानून देग्रांजनं १९११ मध्ये आल्प्समधला गालिबिएर घाट आणला. तिथला बोगदाच २,५५६ मीटरवर. त्या घाटावर देग्रांजनं इतका भक्तिभावानं लेख लिहिला, जणू देवाचीच पूजा बांधली!

गिअरचा राग

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. चढावर गिअर हवा हे आज शाळेतलं पोरही सांगेल. तूरमालेचा सेंत-मारी-द-कांपांकडून चढ १७ किलोमीटर लांब आणि जवळजवळ १,२७० मीटर उंच. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम सुमारे १० लाख ज्यूल होतं. दीड तासात चढायचं तर सतत १८४ वॅट. रस्त्याचं घर्षण वेगळंच. गिअरनं हे काम कमी होत नाही. पण पायांना पेलेल एवढ्या जोरात, जास्त फेऱ्या मारून तेच काम करता येतं. गिअर नसेल तर प्रत्येक पेडलवर उभं राहून जोर लावावा लागतो, स्नायू लवकर आंबतात आणि माणूस उतरून ढकलायला लागतो.

हे फ्रान्समध्ये १९०२ मध्येच ठाऊक होतं. सेंत-एतियेनचा पॉल द व्हिव्ही, ज्याला सगळे 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं ओळखत, गिअरसाठी वर्षानुवर्षं लेख लिहीत होता आणि स्वतः डोंगरात वापरून दाखवत होता. १९०२ मध्ये टूरिंग क्लबनं तूरमालेवरच गिअरच्या सायकलींची चाचणी घेतली. देग्रांजनं मात्र त्याची टर उडवली. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, जवानांनी पायांच्या जोरावर जिंकावं, असं त्याचं मत. म्हणून टूरमध्ये नामांकित खेळाडू मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चक्रं लावत. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून लावायचं, चेन चढवायची आणि निघायचं. माथ्यावर पुन्हा तेच! टूरमधली ही बंदी उठली थेट १९३७ मध्ये.

यंत्राचं श्रेय माणसाला मिळू नये, हा देग्रांजचा मुद्दा शर्यतीपुरता अगदीच टाकाऊ नाही. पण त्याची किंमत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गुडघ्यांनी मोजली.

लोहाराच्या भट्टीपाशी

दुसरा नियम होता स्वावलंबनाचा. सायकल मोडली तर स्वतः दुरुस्त करायची, कोणाचा हात लागता कामा नये. १९१३ मध्ये तूरमालेच्या उतारावर अजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. तो जिंकायच्या बेतात होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहाहून जास्त किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां गावात आला, लोहाराची भट्टी शोधली आणि स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भाता मारायला एका पोरानं हात लावला, म्हणून क्रिस्तोफला वर दंडाची मिनिटं! काही तास गेले, टूर हातची गेली, पण गड्यानं शर्यत सोडली नाही. वर्कशॉपच्या स्मिथीत पहिल्या वर्षी घण मारून हात सोलवटलेल्या प्रत्येकानं या माणसाला मनात एक सलाम ठोकावा.

२८ जून १९१४ ला त्या वर्षीची टूर सुटली, आणि त्याच दिवशी सारायेवोत आर्चड्यूकचा खून झाला. पुढे महायुद्ध. टूर जिंकलेले फ्रांस्वा फाबर, ल्युसिएँ पती-ब्रतों आणि लापिझ हे तिघंही युद्धात गेले. लापिझ वैमानिक होता, तो १४ जुलै १९१७ रोजी पडला. देग्रांजला मात्र कडकपणा फक्त दुसऱ्यांना शिकवायचा नव्हता हेही सांगायला हवं. वयाची पन्नाशी ओलांडलेली असताना तो १९१७ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि त्याला शौर्यपदक मिळालं.

१९१९ मध्ये उखडलेल्या रस्त्यांवर टूर पुन्हा सुरू झाली. सत्तरच्या आत लोक निघाले आणि जेमतेम दहा-अकरा पोचले. त्याच वर्षी आघाडीवरचा खेळाडू ओळखू यावा म्हणून पिवळा जर्सी आला, 'लोतो'च्या कागदाच्या रंगाचा. तो पहिल्यांदा अंगावर चढला क्रिस्तोफच्या. आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात त्याचा फोर्क पुन्हा तुटला!

शेवटचा टप्पा

ज्या टूरमध्ये फक्त एकच जण शेवटपर्यंत पोचेल ती आदर्श टूर, असं देग्रांज म्हणत असे असं सांगतात. त्याचे नियम खेळाडूंना जाचत. १९२४ मध्ये गेल्या वर्षीचा विजेता आन्री पेलिसिए यानं अंगातला जादा जर्सी काढण्यावरून वाद झाल्यावर शर्यत अर्ध्यावर सोडली. १९३५ मध्ये स्पॅनिश खेळाडू फ्रान्सिस्को सेपेदा गालिबिएरच्या उतारावर पडला आणि तीन दिवसांनी वारला. ज्या घाटाची देग्रांजनं पूजा बांधली होती, तोच हा घाट.

१९३६ मध्ये देग्रांज एकाहत्तर वर्षांचा होता. ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं होतं. डॉक्टरांचं न ऐकता तो मोटारीतून टूरबरोबर निघाला. दगडी रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला कळ येत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं हार मानली आणि सूत्रं व्हिक्तोर गोदेचा मुलगा जाक गोदे याच्याकडे दिली. ज्यानं आयुष्यभर अर्ध्यावर सोडणाऱ्यांना बोल लावला, त्यालाही एकदा मधूनच परतावं लागलं. पुढच्याच वर्षी जाकनं गिअरला परवानगी दिली. १६ ऑगस्ट १९४० रोजी देग्रांज वारला. गालिबिएरच्या बोगद्याजवळ त्याचं स्मारक आहे आणि टूरच्या सर्वांत उंच घाटावर पहिल्या पोचणाऱ्याला त्याच्या नावाचं बक्षीस देतात.

मग आपण काय घ्यायचं?

माणूस मोठा होता यात वाद नाही. चुकलं की आखणी बदलायची त्याची तयारी, आधी रस्ता बघून यायची अट, रात्र टाळणं, मागे झाडू गाडी ठेवणं, हे सगळं शिकण्यासारखं. पण लापिझ ओबिस्कवर जे ओरडला तेही विसरता येत नाही. आखणाऱ्यानं स्वतः त्या घाटात असायला हवं. पुढे नाही, मागे.

या वर्षी आम्ही पुन्हा पसरणी चढणार आहोत. बेत मेसमध्येच ठरला, पण या वेळी वही घेऊन. दोघं जण आधीच्या रविवारी जाऊन रस्ता, पाण्याच्या जागा आणि उघडी दुकानं बघून येतील, आणि स्टाइनेससारखी तार करणार नाहीत. वेग ठरणार तो सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या सोयीनं. दर पाच किलोमीटरला थांबून डोकी मोजायची. पंक्चरचं सामान दोघांकडे, एक पुढे आणि एक मागे. दुपारी तीनला जिथे असू तिथून परत फिरायचं, माथा आला असो वा नसो. गिअरच्या सायकली ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना, मग ते पंचेचाळिशीचे असोत वा एकोणीस वर्षांचे.

आणि सगळ्यांच्या मागून मी. हे मी मागून घेतलंय. ज्याला मागच्या वेळी आम्ही वळणावर सोडून गेलो होतो, तो या वेळी कॅप्टन आहे. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही.

— तृतीय वर्ष, यांत्रिकी